पांगुळगाडा

गेल्या महिन्यांत आमच्या घराच्या माळ्यावरून एक वस्तु खालीं आली. ती वस्तु म्हणजे आमचा वडिलोपार्जित पांगुळगाडा. तीन लांकडी चाकें, त्यांवर एक उभी चौकट, चौकटीला आडवी दांडी, आणि त्या दांडीची चिमुकल्या हातांनीं झिजून गुळगुळीत झालेली मधली वीत, एवढेंच त्याचें रूप. भोर हें संस्थान होतें त्या काळांत, म्हणजे ८ मार्च १९४८ रोजीं तें मुंबई प्रांतांत विलीन होण्याच्या आधीं, येथल्याच एका सुतारानें तो आमच्या तीर्थरूपांसाठीं घडविला होता. त्याला धरून तीर्थरूप चालावयास शिकले, पुढें आम्ही शिकलों, आणि आमचीं दोन्ही मुलेंहि शिकलीं. संस्थान गेलें, पंतसचिवांचा राजवाडा सिनेमावाल्यांच्या उपयोगीं पडूं लागला, नीरेंतून पुष्कळ पाणी वाहून गेलें. पण आमचा गाडा शाबूत आहे. त्याचें एक चाक मात्र तेव्हांहि करकरत असे, आणि आजहि करकरतें.

त्याला खालीं आणण्याचें कारण आमची नात. तिला पंधरावा महिना सरत आला आहे आणि ती चालत नाहीं. ती बसते, रांगते, रांगतांना तर मांजराला मागें सारते. ओसरीवरील खांबाला धरून उभी राहते आणि खांबाभोंवतीं प्रदक्षिणाहि घालते. पण खांब सोडून पाऊल टाकावयाची वेळ आली म्हणजे ती मुकाट्यानें खालीं बसते, व ही सूचनाच मुळीं अप्रशस्त आहे अशा मुद्रेनें आमच्याकडे पाहते. आम्हांला त्या मुद्रेंत पुष्कळ शहाणपण दिसतें. तिच्या आईला तें दिसत नाहीं.

तिची आई, म्हणजे आमची कन्या, पुण्यास नोकरी करते. श्रावणांत चार दिवसांसाठीं ती माहेरीं आली ती बरोबर एक तक्ता घेऊन. कोणत्या महिन्यांत मुलानें मान धरावी, कोणत्या महिन्यांत पालथें पडावें, केव्हां बसावें, केव्हां 'मामा' 'बाबा' म्हणावें, याचा तो तक्ता तिच्या मोबाइलांत असतो, आणि रात्रीं मूल निजलें म्हणजे ती तो वाचीत बसते. सारा जन्म परीक्षेच्या कामांत घालविलेल्या आम्हांस निकालाची वाट पाहणारे चेहरे चांगले ओळखतां येतात. पण परीक्षार्थी खुशाल झोंपलेला आणि पालक मात्र रात्रभर जागा, असा प्रकार आमच्या महाविद्यालयांतहि क्वचितच घडतो.

त्यांत शेजारपाजारची भर. भोरासारख्या लहान गांवांत मूल हें एका घराचें नसतें. "चालते का गं?" "दांत किती आले?" "आमचा बंड्या तर दहाव्या महिन्यांत अंगणभर पळत होता!" विचारणाऱ्यांच्या मनांत वांकडें कांहीं नसतें. परंतु आम्हीं असें पाहिलें आहे कीं, मुलें जसजशीं मोठीं होतात तसतशीं तीं आयांच्या आठवणींत अधिकाधिक लवकर चालूं लागतात. आमच्याच घरांत सौभाग्यवती चिरंजीवांविषयीं सांगतात कीं ते अकराव्या महिन्यांत चालले. त्या वेळची आमची रोजनिशी उघडून पाहिली, तेव्हां तेथें चौदावा महिना निघाला. रोजनिशी आम्हीं पुन्हां कपाटांत ठेवून दिली. संसारांत प्रत्येक पुरावा मांडलाच पाहिजे असें नाहीं.

पूर्वींच्या लोकांना ही काळजी नव्हती काय? होती, पण ती निराळ्या वाटेनें वाहत असे. आपल्याकडचे लहान मुलांचे सोहळे आठवून पाहा. पांचव्या-सहाव्या दिवशीं पांचवी-सटवी, बाराव्या दिवशीं बारसें, सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण, संक्रांतींत बोरन्हाण. हे सारे तिथीनें येतात. मूल बसो वा न बसो, त्याचें बारसें होतें. दांत येवोत वा न येवोत, त्याला खीर चाटवितात. मुलाला कुळांत घेण्यासाठीं त्यानें कांहीं करून दाखविण्याची अट नसे. उलट चालणें, बोलणें हे जे खरोखर मुलाचे स्वतःचे पराक्रम, त्यांना तिथि नव्हती. ते घडले त्या दिवशीं शेजारीं साखर वांटावयाची, इतकेंच. आजच्या तक्त्यानें या दोन गोष्टी एक केल्या. पराक्रमाला तिथि नेमून दिली. आणि तिथि आली कीं तिच्याबरोबर ती चुकण्याचें भय आलेंच.

वेल्ह्याकडे अजूनहि जुनें मोजमाप ऐकूं येतें. (या तालुक्याला राजगड असें नांव देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें २०२४ मध्यें घेतला, आमच्या तोंडीं मात्र वेल्हेंच बसलें आहे.) नसरापूरहून विंझरमार्गें तोरण्याच्या पायथ्याकडे जाऊं लागलें कीं आषाढांत दोहों बाजूंस भाताची लावणी चाललेली दिसते. बांधावरच्या झाडाला झोळी टांगलेली, झोळींत तान्हें, आणि आई गुडघाभर चिखलांत. मुलाचें वय विचारलें तर ती महिन्यांत सांगत नाहीं. "लावणीला बसत होता, सुगीला उभा राहिला," असें सांगते. त्या हिशेबांत दोन-चार आठवडे इकडेतिकडे सहज सामावतात. आम्हांला तो हिशेब फार आवडे. आवडे असें म्हणतों, याचें कारण पुढें येईल.

आधुनिक शास्त्राचें म्हणणें काय, हेंहि आम्हीं या निमित्तानें पाहिलें. मुलांच्या वाढीची टिपणें ठेवण्याचा नाद थोरामोठ्यांनाहि होता. चार्ल्स डार्विननें आपल्या थोरल्या मुलाच्या बाल्याचीं टिपणें ठेवलीं होतीं. तीं सदतीस वर्षें पडून राहिलीं आणि १८७७ मध्यें त्यांवरून त्यानें एक निबंध लिहिला. पुढें अमेरिकेंत येल विद्यापीठांत अर्नल्ड गेसेल यानें पुष्कळ मुलांचें निरीक्षण करून महिन्यामहिन्यांचीं प्रमाणें बसविलीं, आणि तक्त्यांचें युग सुरू झालें. परंतु अलीकडे शास्त्र पुन्हां उदार झालेलें दिसतें. जागतिक आरोग्य संघटनेनें घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पांच देशांतील ८१६ निरोगी मुलांचें निरीक्षण करून २००६ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत प्रत्येक कौशल्याला एक दिवस न देतां एक खिडकी दिली आहे. आधाराशिवाय बसण्याची खिडकी ३.८ ते ९.२ महिने, कशालाहि न धरतां उभें राहण्याची ६.९ ते १६.९ महिने, आणि आपल्या पायांनीं चालण्याची ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक निरोगी मूल आठव्या महिन्यानंतर चालूं लागेल व दुसरें तितकेंच निरोगी मूल सतराव्या महिन्यानंतर. या मुलांपैकीं ४.३ टक्के मुलें तर गुडघ्यांवर रांगलींच नाहींत. तीं परस्पर उभीं राहिलीं. २०२२ मध्यें अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्रानें आपला तक्ता सुधारला तेव्हां त्यांतून रांगणें हें प्रकरण गाळूनच टाकलें.

इतकी सामग्री हातीं असतांना कन्येची समजूत घालणें आम्हांस कांहीं कठीण नव्हतें. तीहि त्याच अपेक्षेनें आली होती. जेवणें झाल्यावर ओसरीवर बसून तिनें विचारलें, "बाबा, खरं सांगा, तुम्हांला काय वाटतं? होईल ना सगळं नीट?" सौभाग्यवती तत्काळ म्हणाल्या, "अगं, न व्हायला काय झालं?" आम्ही मात्र गप्प राहिलों. सरासरी म्हणजे कांहीं शेवटची मुदत नव्हे, मध्याच्या पुढें कोणीतरी असणारच, हें सारें जिभेवर आलें होतें. पण तें बाहेर पडेना. कारण हेंच सारें आम्हीं पूर्वीं एकदां एका बापाला सांगितलें होतें.

या गोष्टीला वीसएक वर्षें झालीं. आमच्या महाविद्यालयांत वेल्ह्याकडील एक शिपाई होते, आजहि आहेत. त्यांची धाकटी मुलगी दोन वर्षांची झाली तरी बोलेना. आजीनें वेखंड उगाळून जिभेला लावलें, देवाला कौल लावला, दृष्ट काढली. तेवढ्यानें समाधान न होऊन ते एके दिवशीं आमच्याकडे आले. "सर, तुम्ही शिकलेलं माणूस. पोरगी बोलत नाय. डाक्टरला दावू का?" आम्ही त्या वेळीं उत्तरपत्रिका तपाशीत होतों. लेखणी खालीं ठेवून आम्हीं त्यांना मोठ्या प्रेमानें व्याख्यान दिलें. आमचा स्वतःचा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत धड बोलत नव्हता, आज त्याचें तोंड बंद करणें कठीण आहे. प्रत्येक मुलाचा आपापला काळ असतो. आइन्स्टाइन नांवाचा जगांतला केवढा शास्त्रज्ञ, तोहि उशिराच बोलला. "काळजी करूं नका. बोलेल." त्यांनीं विचारलें, "भांडं पडलं तरी बघत नाय, असं तिची आय म्हणती." आम्हीं विचारलें, "दार आपटलं तर?" ते म्हणाले, "दार आपटलं तर बघती." "मग झालं तर!" असें म्हणून आम्हीं पुन्हां लेखणी उचलली. ते मोठ्या समाधानानें गेले.

दार आपटलें कीं जमीन हादरते, आणि तो हादरा कानाला नव्हे, पायांना कळतो, एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षांत आली नाहीं. ती लक्षांत आली त्यांच्या वाडीवरच्या अंगणवाडींतील सेविकेच्या. मुलगी चौथ्या वर्षांत असतांना ती बाई एकदां तिच्या पाठीमागें चटईवर उभी राहिली आणि तिनें हातांत धरलेली थाळी वाजविली. बाकीचीं सारीं मुलें वळलीं. ही वळली नाहीं. मग पुण्यास तपासणी झाली. त्या दिवशीं आम्ही त्यांच्याबरोबर गेलों होतों. दोन्ही कानांनीं जवळजवळ कांहींच ऐकूं येत नाहीं, आणि तें जन्मापासूनचें असावें, असें निदान झालें. डॉक्टर नुसतेंच म्हणाले, "दोन वर्षं आधीं आणायला हवं होतं. तेव्हां का नाहीं आणलंत?" शिपायांनीं एकवार आमच्याकडे पाहिलें आणि खालीं पाहून म्हणाले, "आमच्या ध्यानात आलं नाय."

त्यांच्या ध्यानांत आलें होतें. तें ध्यानांत आलेलें आम्हीं पुसून टाकलें होतें. हें त्या खोलींत आम्हां दोघांनाच ठाऊक होतें, आणि बोलावयाचें होतें त्यानें तें बोललें नाहीं. आम्हींहि बोललें नाहीं.

पुढें आम्हीं या विषयावर बरेंच वाचलें. प्रायश्चित्त म्हणून वाचलें म्हटलें तरी चालेल. बहिरें मूलहि पहिले कांहीं महिने इतरांसारखेंच हुंकार देतें, हंसतें, त्यामुळें घरच्यांना शंका येत नाहीं. पण भाषा शिकण्याचा मेंदूचा जो हंगाम आहे तो पहिल्या कांहीं वर्षांचा. त्या हंगामांत कानांतून शब्द गेले पाहिजेत, नाहींतर डोळ्यांतून खुणा तरी गेल्या पाहिजेत. यांतलें कांहींच गेलें नाहीं तर मागाहून केलेल्या श्रमाला पुरतें फळ येत नाहीं. म्हणून जन्मानंतर पहिल्या महिन्यांत श्रवणाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाय सुरू, असा दंडक आज तज्ज्ञांनीं घालून दिला आहे. वेल्ह्याच्या शेतकऱ्याला हें आमच्याहून लवकर कळलें असतें. लावणी चार दिवस पुढेंमागें झाली तर बिघडत नाहीं. पण आषाढ कोरडा गेला तर रोप तरव्यांतच जून होतें, आणि मग कितीहि पाऊस पडला तरी तें पूर्वींसारखें फुटत नाहीं. आम्हीं त्या लोकांच्या हिशेबांतील सैलपणा तेवढा पाहिला; त्यांतली हंगामाची धास्ती पाहिली नाहीं.

आइन्स्टाइनचेंहि तसेंच. तो उशिरा बोलला हें खरें. त्यानें स्वतःच उतारवयांतील एका पत्रांत तें लिहिलें आहे. पण त्याच वाक्यांत त्यानें असेंहि लिहिलें आहे कीं, त्यामुळें आईबाप काळजींत पडले आणि त्यांनीं डॉक्टरांचा सल्ला घेतला. गोष्टीचा हा भाग आम्हीं सांगितला नव्हता. आम्हांला तो ठाऊकच नव्हता. शिवाय उशिरा बोललेल्या मुलांतून जो आइन्स्टाइन झाला त्याचें नांव सर्वांच्या तोंडीं राहतें. जीं बोललींच नाहींत त्यांचीं नांवें व्याख्यानांत येत नाहींत.

धीर देणें ही फार सोपी गोष्ट आहे, आणि तिला खर्च कांहींच लागत नाहीं. धीर देणाऱ्याचाहि त्यांत स्वार्थ असतो. समोरच्याची काळजी गेली कीं आपली उत्तरपत्रिका पुढें तपासावयास आपण मोकळे. शिकलेल्या माणसाच्या तोंडून आलेला धीर तर अधिकच घातक, कारण तो ज्ञानाचा वेष घेऊन येतो. "भांडं पडलं तरी बघत नाय" हें त्या माउलीचें वाक्य आमच्या सर्व व्याख्यानाहून अधिक शास्त्रीय होतें. तिनें मूल पाहिलें होतें. आम्हीं पुस्तकें पाहिलीं होतीं. खिडकी मोठी आहे हें सांगतांना तिला पलीकडची चौकटहि आहे हें सांगावयाचें राहून गेलें. आईची काळजी पुष्कळदां खोटी ठरते. पण ती खोटी ठरविण्याचा अधिकार तपासणाऱ्याला आहे, समजूत घालणाऱ्याला नाहीं.

आतां परिस्थिति पुष्कळ बदलली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. अंगणवाड्यांची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली. तिच्या एका सेविकेनें केवळ एका थाळीनें काय साधलें तें वर आलेंच आहे. २०१३ मध्यें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यांत पालघर येथें सुरू झाला, आणि त्याचीं पथकें अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी करूं लागलीं. आईला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर मुलाच्या प्रगतीच्या खुणा चित्रांसह दिलेल्या असतात. एकूण पाहतां जपावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. चवथा महिना सरला तरी मान धरीत नाहीं. नवव्या-दहाव्या महिन्यांत हांकेला वळत नाहीं. दीड वर्षाचें झालें तरी पाऊल टाकीत नाहीं. दोन वर्षांचें झालें तरी दोन शब्द जोडीत नाहीं. किंवा, कोणत्याहि वयांत, आलेली कला गमावतें. अशा वेळीं शेजाऱ्यांस न विचारतां डॉक्टरांस विचारावें. मूल दिवस भरण्याआधीं जन्मलें असेल तर तितके आठवडे हिशेबांतून वजा करावे. एवढें केल्यावर उरलेली काळजी खुशाल शेजाऱ्यांच्या बंड्यावर सोडून द्यावी.

तेव्हां त्या रात्रीं कन्येला आम्हीं होईल असेंहि सांगितलें नाहीं व होणार नाहीं असेंहि सांगितलें नाहीं. "उद्यां डॉक्टरांकडे जाऊं," इतकेंच म्हणालों. तिचा चेहरा उतरला. बापानें धीर द्यावा तर तो डॉक्टरांकडे बोट दाखवितो, असें तिला वाटलें असावें. सौभाग्यवतींनीं तर आमच्याकडे असें पाहिलें कीं आम्हीं अपशकुनच केला. दुसऱ्या दिवशीं पावसांत छत्र्या सांवरीत आम्ही सारे गेलों. डॉक्टरांनीं नातीचे हातपाय पाहिले, सांधे हलवून पाहिले, तिला उभें केलें, पाठीमागून चुटकी वाजविली, खेळणें लपवून शोधावयास लावलें. मग म्हणाले, सर्व ठीक दिसतें. अठरा महिने पुरे होईपर्यंत न चालल्यास पुन्हां आणा. घरीं चाकांचा पाळणेवजा गाडा असेल, ज्यांत मूल बसवून सोडतात, तर तो काढून टाका. त्यानें चालणें लवकर येत नाहीं, आणि अपघात मात्र होतात. कॅनडानें २००४ पासून त्यांच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. आम्हीं भीत भीत आपल्या पांगुळगाड्याविषयीं विचारलें. तो मूल स्वतः उभें राहून ढकलतें, बसत नाहीं, हें ऐकून डॉक्टर हंसले, आणि जवळ कोणी लक्ष ठेवणारें असल्यास त्याला हरकत घेतली नाहीं. परततांना कन्या बरीच मोकळी दिसली. तिच्या मनांतील तारीख आतां एक राहिली होती, आणि ती तपासून दिलेली होती.

नात अजून चालत नाहीं. हें लिहीत असतांना ती ओसरीवर गाड्याची दांडी धरून उभी आहे. गाडा ढकलावयाचा असतो ही कल्पना तिला अद्याप मान्य झालेली नाहीं. ती त्याचें करकरणारें चाक हातानें फिरवून तो आवाज पुन्हां पुन्हां ऐकते. तो आवाज ऐकला कीं ती वळून आमच्याकडे पाहते व हंसते. पूर्वीं आम्हीं त्या चाकाला तेल घालणार होतों. आतां घालणार नाहीं.

परवां महाविद्यालयांत ते शिपाई भेटले. त्यांची मुलगी बहिऱ्या मुलांच्या शाळेंत राहून शिकली. आतां शिवणकाम करते. गांवच्या जत्रेंत भेटली कीं हातांनीं आमची विचारपूस करते आणि उत्तर आम्हांस देतां येत नाहीं असें पाहून मनापासून हंसते. बापाला तिच्या सर्व खुणा येतात. त्यांनीं चौकशी केली, "नातीला घेऊन ताई आल्या म्हणं. चालाया लागली का?"

"अजून नाहीं," आम्ही म्हणालों.

ते क्षणभर थांबले. "डाक्टरला दावली न्हवं, सर?"

"दाखवली," आम्ही म्हणालों.

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि घंटा द्यावयास निघून गेले.